चिंचटाकळीचं परराष्ट्र धोरण

आषाढ लागायच्या आधी चिंचटाकळी ग्रामपंचायतीनं त्या देशाशी तोडलेले संबंध पुन्हा जोडले, आणि त्या जोडाजोडीत सटवाच्या मेंढरांचं जुळत आलेलं पाणी तेवढं तुटलं. मात्र संबंध मुळात कधी तुटलेच नव्हते, असं ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे. त्यामुळे वर जे सांगितलं ते घडलेलं नाही. वाचणाऱ्यानं ते विसरावं आणि वैशाखापासून सुरुवात करावी.

वैशाखात सटवा दमलेला होता. चैत्रातही तो दमलेलाच होता, पण वैशाखात त्याला ते कबूल करायची लाज वाटेनाशी झाली. कारण होतं पाणी. गावाखालच्या पाझर तलावावर त्याच्या बापापासून मेंढरं पीत आली होती. गेल्या साली ग्रामपंचायतीनं ठराव केला की मेंढरांनी पाणी गढूळ होतं, तेव्हा मेंढरं तळ्यावर आणू नयेत. म्हशींनी पाणी गढूळ होत नाही, असं त्याच ठरावात गृहीत धरलेलं होतं. म्हशी गावातल्या होत्या आणि तळ्यात ज्या मोटारी टाकलेल्या होत्या त्या माजी सरपंच मोहनरावांच्या होत्या, एवढंच त्यामागचं शास्त्र.

तेव्हापासून सटवा मेंढरं घेऊन धारूरच्या घाटाखाली ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर जात असे. मेंढरं पिऊन परत येईपर्यंत त्यांना पुन्हा तहान लागलेली असे. म्हणजे दिवसभर जे चालायचं ते पाण्यासाठी नव्हे, नुसतं चालण्यासाठीच. नुकती व्यालेली मेंढी मागं पडायची, कोकरं त्याची बायको साखराबाई पदराच्या ओट्यात घालून आणायची, आणि दर दोन-तीन दिवसांनी एखादं कोकरू ओट्यातच गप होऊन जायचं.

"औंदा तळं खुलं झालं न्हाई तर इकून टाकायची समदी," सटवा एका संध्याकाळी म्हणाला.

"आन् मंग?"

"मंग चाकणला. आपला अंगद म्हणतोय, कंपनीच्या गेटवर बसायचं काम हाय. खुर्ची देतेत."

साखराबाईनं खुर्चीवर बसलेला सटवा डोळ्यांपुढं आणून पाहिला. मग तिनं तो लगेच डोळ्यांपुढून काढून टाकला.

म्हणून सटवा ग्रामसभेला गेला. तळ्याचा विषय होता 'ऐनवेळी येणारे विषय' या सदरात, आणि ऐनवेळ ही नेहमी सगळे उठून गेल्यावर येते. तो खांद्यावर घोंगडी टाकून मारुतीच्या पाराखाली, सगळ्यांच्या मागं बसला.

कागदावर सरपंच होत्या वनमालाबाई, कारण जागा महिलेसाठी राखीव होती. सरपंचकी करत होते त्यांचे मालक विजयसिंह. विजयसिंहाला पुढं जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं, आणि तिकिटासाठी माणसानं काहीतरी केलेलं असावं लागतं. रस्ता करायला निधी लागतो, नळ करायला पाणी लागतं. नेमकं त्याच आठवड्यात त्या देशानं आपल्या देशाच्या वैऱ्याची बाजू घेतली आणि टीव्हीवर शहराशहरांतून त्याच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. बहिष्काराला काहीच लागत नाही. विजयसिंहाला हे काम आवडलं.

"त्या देशाला आता चिंचटाकळीची ताकद दाखवायची!" तो म्हणाला.

"म्हंजी नेमकं काय करायचं?" मोहनरावांनी विचारलं. ते विजयसिंहाचे सख्खे चुलते. पुतण्याचं बोलणं त्यांना कधी एका दमात समजलं नव्हतं, पण अर्ध्या गावाची मतं त्यांच्या खिशात असल्यामुळे पुतण्या दुसऱ्यांदा सांगत असे.

"त्यांचा माल जाळायचा, काका."

मग गावभर तो माल शोधला. मारुतीच्या देवळावर दिवाळीला लावलेली दिव्यांची एक माळ निघाली. कुणाच्या तरी पोराची चाक निखळलेली मोटार निघाली. एकजण म्हणाला, "विजयभाऊ, तुमचा मोबाईल बी तिथलाच हाय की."

"त्यो जाळला तर व्हिडिओ कशात काढू बे?"

हे सगळ्यांना पटलं. माळ काही पेटेना. शेवटी मोटारसायकलमधलं पेट्रोल काढून ओतलं. वास असा सुटला की सभा वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकवावी लागली. तिथं ठराव झाला: आजपासून चिंचटाकळीचे त्या देशाशी सर्व प्रकारचे संबंध संपले, आणि उद्यापासून गावात कुणी त्या देशाचं नावसुद्धा तोंडातून काढणार नाही.

बायका हसायला लागल्या. वनमालाबाई अध्यक्षस्थानी होत्या, त्या हसल्या नाहीत. "मला सवय हाय," त्या म्हणाल्या. "मालकाचं नाव घेत न्हाई, आता दोघांचं घेणार न्हाई."

सटवा उठून उभा राहिला. "ते तळ्याचं तेवढं..."

"सटवा," विजयसिंह म्हणाला, "हितं देशाचा प्रश्न चाललाय, आन् तू मेंढरं मधी आणतूस?"

सटवा खाली बसला. मग सगळेच उठले, म्हणून तोही उठला.

ठरावाची प्रत विजयसिंहानं रजिस्टर पोस्टानं दिल्लीला, त्या देशाच्या वकिलातीत पाठवली. पोचपावती परत आली. तिच्यावर कुणाची तरी वळणदार सही होती. विजयसिंहानं ती लॅमिनेट करून ग्रामपंचायतीत लावली, आणि येणारा-जाणारा तिच्यापुढं क्षणभर थांबू लागला. एवढ्या लांबच्या माणसानं आपल्यासाठी पेन उघडलं होतं.

मृग जवळ आला तशी माणसं खतासाठी धारूरला जाऊ लागली आणि रिकाम्या हातानं परत येऊ लागली.

"न्हाई," कृषी केंद्रवाला तानाजी सगळ्यांना एकच सांगत होता. "डीएपीची बॅग काय, बॅगची शिवण सुदीक न्हाई. त्यांनी माल थांबिवला. जहाजंच निघाली न्हाईत."

"कवापासून?"

"झाले की दोन-तीन आठवडे."

पारावर हिशेब जुळवायला वेळ लागला नाही. पोचपावती आली तेही तेव्हाच.

"त्यांनी ठराव वाचला बघ," एकजण म्हणाला.

"वाचला म्हंजी? मनाला लावून घेतला!"

"माळ ती केवढ्याची, आन् राग केवढा!"

जगात आणखीही गावं असतील, बंदरं असतील, मंत्री असतील, हे चिंचटाकळीत सगळ्यांना माहीत होतं. पण पोचपावती फक्त चिंचटाकळीकडे होती. खत थांबलं ते आपल्यामुळे, याबद्दल गावात दुमत उरलं नाही. पहिले दोन दिवस विजयसिंहाची छाती त्यामुळे फुगलेली होती. एवढ्या मोठ्या देशाला झोंबलं, हे काय थोडं झालं? तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे लोक मोटारसायकलीवर येऊन, "तुमच्यामुळं आमचं बी खत थांबलं बे," असं म्हणून शिव्या देऊन गेले. मग घरचेही बोलू लागले.

"ठराव पेरणीनंतर केला असता तर काय बिघडलं असतं?" मोहनराव म्हणाले. "राग काय, दसऱ्यापस्तोर टिकला असता की."

देशाभिमान आणि सोयाबीन एकाच महिन्यात येतात, हे विजयसिंहाच्या आधी कुणी लक्षात आणून दिलेलं नव्हतं.

मग मोहनरावांनाच आठवलं. "आमच्या वेळंला रानात मेंढरं बसवीत व्हते. लेंडीखताचं रान असं उठायचं, की ज्वारीत माणूस दिसत नसे."

पारावरची माणसं एकेक करून उठली. मग मोटारसायकली सुरू झाल्या.

सटवा तेव्हा माळावर आपल्या पालापुढं बसून पायातला काटा काढत होता. पहिली गाडी विजयसिंहाची. उतरून त्यानं बिस्किटाचा पुडा पुढं केला. "मामा, कसं काय, बरं हाय ना?"

सटवानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"मामा, तुमालाच म्हणलो."

विजयसिंह दगडावर बसला आणि सांगू लागला. परदेशी खताची गुलामी संपली. आता स्वदेशी खत. मेंढरं ही राष्ट्राची ठेव आहे. तेव्हा ही ठेव उद्यापासून माझ्या वरच्या रानात बसली पाहिजे. बाकी राष्ट्राचं नंतर बघू.

सटवाची सून बबिता चुलीपुढं बसली होती. बारावी झालेली, फोनवर बातम्या बघणारी. नवरा अंगद चाकणला असल्यामुळे तिला बोलायला माणूस लागत असे, आणि माळावर माणसं कमी म्हणून ती सासऱ्याशीच बोलत असे.

"मामंजी," ती आतूनच म्हणाली, "पाण्याचं इचारा."

"तळ्याचं पाणी..." सटवा म्हणाला.

"झालं म्हणून समजा!" विजयसिंह म्हणाला. "पेरणीआधी सभा हाय, पैला इषय तुमचा."

"आदी ठराव करा म्हणावं," बबिता म्हणाली, "मंग मेंढरं."

विजयसिंहानं चुलीकडे पाहिलं नाही. सटवानं पाहिलं, आणि मान हलवली. मेंढरं रानात बसवायची एक रीत असते. पहिल्या संध्याकाळी शेतमालक नारळ फोडतो, घरची भाकरी आणतो, आणि वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, त्या रानात उतरतो. मग जितके दिवस मेंढरं बसतील तितके दिवस मेंढपाळानं काही मागायचं नाही. पाणी नाही, ज्वारी नाही, मिठाचा खडासुद्धा नाही. वाडा उठतो त्या सकाळी मालक आपण होऊन विचारतो, आणि तेव्हा तोंड उघडायचं. आधी मागितलं तर लेंडीला बरकत राहत नाही, असं सटवाचा बाप म्हणत असे. सटवाचा बरकतीवर फारसा विश्वास उरला नव्हता, पण बापावर होता.

विजयसिंह गेल्यावर बबिता बाहेर आली. "मामंजी, त्या देशानं काय केलं बघा. आदी माल बंद केला. मंग गप बसला. आता समदे त्याच्या दारात जायलेत. तुमी आदी माल देताव, आन् मंग गप बसताव."

"त्यो देश मेंढरं राखत न्हाई," सटवा म्हणाला.

"म्हणून तर मोठा झालाय."

साखराबाईला हसू आलं. सटवालाही आलं असतं, पण दम लागला होता.

दुपारी मोहनराव आले. त्यांच्या हातात बिस्किटं नव्हती, कारण वडीलधाऱ्या माणसाला ते शोभत नाही. "इजयकडं बसव," ते म्हणाले, "पर तिथून उठलास की माझ्याकडं. तळ्याला माझी हरकत व्हती, ती मी काढून घेतो. बोल?"

बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. गेलं वर्षभर ज्या दोन माणसांनी तळं बंद केलं होतं, ती दोघं एका दिवसात माळावर येऊन तळं उघडून गेली. त्यासाठी समुद्रापलीकडं कुणीतरी रुसावं लागलं, एवढंच. सटवाला वाटलं, हे आपल्याला आधी माहीत असतं तर गेल्या साली आपणच जाऊन त्यांना काहीतरी बोललो असतो.

मेंढरं विजयसिंहाच्या रानात उतरली. नारळ फुटला. विजयसिंहानं मेंढ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'स्वाभिमानी गाव, स्वदेशी खत'. मेंढ्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं नव्हतं, तरी तो फोटोत दोघांमध्ये जास्त गंभीर दिसत होता. पुढच्या दिवसांत सटवाला 'मामा' म्हणणारी माणसं इतकी वाढली, की साखराबाईला आपल्याला नणंदा किती हेच आठवेना. वाटेत गाड्या थांबत. "मामा, आमच्या बी रानाकडं बघा जरा." मेंढरं तोपर्यंत अजून झिऱ्यावरच जात होती, कारण ठराव व्हायचा होता आणि रीत मागू देत नव्हती.

विजयसिंहाच्या रानातून वाडा मोहनरावांच्या रानात गेला. उठायच्या सकाळी विजयसिंह धारूरला गेलेला होता, त्यामुळे त्याचं विचारायचं राहून गेलं. तिथून उठायचा दिवस आणि ग्रामसभेचा दिवस एकच निघाला. सटवानं हा शुभशकुन मानला. सकाळी मोहनरावांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काय पायजे, सटवामामा?" आणि सटवानं वाडा उतरल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडून सांगितलं, "पाणी."

"सभंला ये," मोहनराव म्हणाले. "पैला इषय हाय तुजा."

वाड्याच्या जाळ्या गुंडाळताना बबिताचा फोन वाजला. तिनं तो पाहिला आणि जागच्या जागी उभी राहिली.

"काय झालं गं?" साखराबाईनं विचारलं.

"मिटलं."

"काय मिटलं?"

"त्यांचं. दोन्हीकडचे मंत्री भेटले. हातात हात घेऊन हसायलेत, हे बघा. जहाजं निघाली म्हणं. काही तर बंदरात आलीच व्हती, नुसती उभी व्हती."

सटवानं फोन हातात घेऊन पाहिलं. दोन सुटातली माणसं होती. दोघंही नीट झोपलेली दिसत होती.

तो सभेला निघाला तेव्हा तानाजीचा टेम्पो गावात शिरत होता. पोत्यांवर त्या देशाचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, आणि अख्खं गाव ते नाव न घेता टेम्पोमागं पळत होतं.

"आले का?"

"कोण?"

"हे!"

"आले, आले. मागच्या बाजूला लावा लायनी."

सभेचा पहिला विषय बदललेला होता. विजयसिंह उभा राहिला. जागतिक परिस्थिती बदलली आहे, असं तो म्हणाला. चिंचटाकळीनं मोठं मन दाखवलं पाहिजे. आणि खरं बघता संबंध तुटलेच नव्हते, तो एक गैरसमज होता, आणि माळ शॉर्ट सर्किटनं जळाली. ठराव एकमतानं मंजूर झाला. मोहनरावांनी अनुमोदन दिलं. भिंतीवरची पोचपावती काढून घेतली. तिथं चौकोनी पांढरी जागा राहिली, तीवर लगेच लसीकरणाचं पोस्टर लावलं. नाव न घेण्याचं कलम रद्द करायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ते आजही लागू आहे.

"तळ्याचं..." सटवा उभा राहिला.

"त्ये ऐनवेळच्या इषयात घेतलंय," विजयसिंह म्हणाला. तो एका डोळ्यानं टेम्पोकडे बघत होता, कारण रांग वाढत होती. "सटवा, आता पाऊस येईलच की. पाऊस आल्यावर तळं काय, समदं रान पाण्याचंच हाय."

'मामा' कधी गळून पडला, हे सटवाला नेमकं सांगता आलं नसतं.

त्यानं मोहनरावांकडे पाहिलं. "मालक, सकाळी म्हणलं व्हतं तुमी."

"म्हणलो व्हतो," मोहनराव म्हणाले. "त्ये काय खोटं न्हाई. पर सकाळी खत नव्हतं."

मग सगळे उठले. वनमालाबाई तेवढ्या खुर्चीवर बसून इतिवृत्तावर सह्या करत राहिल्या. सटवा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "बाई, सरपंच तुमी हाव. एक सही केली तर..."

वनमालाबाईंनी मान वर केली. त्यांचेही डोळे दमलेले होते, आणि सटवाला वाटलं, हे डोळे आपण कुठंतरी पाहिलेत. मग आठवलं, झिऱ्यावरून परत येताना मागं पडणाऱ्या मेंढीचे.

"सही माझी हाय, सटवामामा," त्या म्हणाल्या. "पेन त्यांचा हाय."

त्या मात्र अजून मामा म्हणाल्या.

संध्याकाळी दोन्ही घरून ज्वारी आली. ती रीतीप्रमाणे, पुरेपूर आली. कमी आली असती तर सटवाला भांडायला तरी काही मिळालं असतं. विजयसिंहाच्या रानात लेंडीखत पसरलेलंच होतं, त्यावर आता डीएपीही पडणार होतं. औंदा त्याचं सोयाबीन तिकिटाच्याही पुढं जाणार, असं लोक म्हणत होते.

"इकायची का मंग?" साखराबाईनं विचारलं. तिच्या ओट्यात एक कोकरू होतं, आणि ते अजून हालत होतं.

सटवा पायातला काटा शोधू लागला.

"मामंजी," बबिता म्हणाली, "तुमी अर्ज करा."

"गेल्या साली केलता. औंदा बी केलता."

"त्यो पंचायतीला. पंचायतीच्या हातात काय हाय? तळं उघडलं कुणी? त्या देशानं. बंद केलं कुणी? त्येनंच. अर्ज तिकडंच करायचा."

ती चेष्टा करत होती. साखराबाई हसलीसुद्धा. पण सटवानं पायातला दुसरा काटा काढता काढता त्यावर बराच विचार केला, आणि त्याला त्यात चूक सापडेना.

"लिही," तो म्हणाला. "आन् त्याचं उत्तर येईस्तवर मेंढरं इकायची न्हाईत. अंगदला सांग, खुर्ची ठिव म्हणावं बाजूला."

बबिताचं हसू थांबलं. मग तिनं पेन शोधलं. दुसऱ्या दिवशी वनमालाबाईंनी अर्ज वाचला, विजयसिंह घरी नसताना ड्रॉवरमधून शिक्का काढला, आणि 'शिफारशीसह पुढे पाठविण्यात येत आहे' असं लिहून खाली सही केली. पेन त्यांनी बबिताकडूनच मागून घेतलं.

प्रति,
मा. राजदूत साहेब,
तो देश (ग्रामसभा ठरावामुळे नाव लिहिता येत नाही, क्षमस्व),
दिल्ली.

मार्फत: मा. सरपंच, ग्रामपंचायत चिंचटाकळी, ता. धारूर, जि. बीड.

विषय: दरवर्षी ठरावीक काळासाठी संबंध बिघडवून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयी अर्ज करतो की, मी मेंढपाळ असून मौजे चिंचटाकळी येथील पाझर तलाव माझ्या मेंढरांसाठी फक्त आपण रुसलेले असतानाच उघडायला निघतो, असे दिसून आले आहे. चालू साली आपण फार लवकर हसलात. तरी आपले आमच्या देशाशी दरवर्षी वैशाख महिन्यात बिनसावे व पहिला पाऊस पडून ओढे वाहते होईपर्यंत ते तसेच राहावे. भांडण मोठे नसावे, कुणाला इजा होऊ नये, फक्त खताची जहाजे तेवढी बंदरात उभी राहावीत. समेट करावयाचा झाल्यास तो आमच्या ग्रामसभेत ऐनवेळचे विषय संपल्यानंतर करावा. कारण काय द्यायचे ते आपण ठरवावे. न सुचल्यास दिव्यांची माळ आम्ही पुन्हा जाळू. तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून पुढील वैशाखापूर्वी तसे लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.